दोन सीटांच्या मधली दांडी

गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या हातात स्टिअरिंग नसतं. बाहेरच्या लोकांच्या हे पटकन लक्षात येत नाही. शिकणारा उजव्या सीटवर बसतो, मी डाव्या. माझ्या पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक जोडलेला असतो, बस. बाकी सगळी गाडी त्याच्या ताब्यात, आणि मीही. म्हणून गेली सव्वीस वर्षं माझा उजवा हात एका ठरावीक जागी असतो. दोन सीटांच्या मध्ये, हँडब्रेकच्या दांडीवर. शिकणाऱ्याला वाटतं, मॅडम आरामात हात टेकून बसल्यात. मीही तसंच वाटू देते. माझी भीती त्याला दिसली तर तो शिकणार कसा?

वाशीतल्या आमच्या स्कूलची सगळ्यात जुनी गाडी यंदा भंगारात गेली. तिच्यात काचा हाताने फिरवून खाली करायच्या. दाराला लॉक लावायचं तर प्रत्येक दारापर्यंत हात लांब करायला लागायचा. तिच्याआधीच्या गाडीला तर चोक होता. आजच्या मुलांना चोक म्हणजे काय ते सांगावं लागतं. थंडीत इंजिन लवकर चालू व्हायचं नाही, तेव्हा स्टिअरिंगजवळचं एक बटण बाहेर ओढायचं, म्हणजे इंजिनला पेट्रोल जास्त मिळायचं. इंजिन तापलं की बटण परत आत. एका शाळेतल्या बाईंनी ते बाहेर आलेलं बटण पर्स अडकवायचा हूक समजून आठ दिवस त्यावर पर्स लटकवली होती. गाडी काळा धूर सोडायची, पेट्रोल प्यायची, आणि मेकॅनिक डोकं खाजवायचा. नवव्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बसले तेव्हा कारण कळलं. बाई म्हणाल्या, "मला वाटलं, लेडीजसाठी खास सोय आहे."

अशा गोष्टी सांगितल्या की लोक हसतात. हँडब्रेकची गोष्ट मात्र मी सहसा कुणाला सांगत नाही.

तेव्हा मी या कामात नवीन होते. कॉलेजात गणित शिकवणारे एक देशमुख सर शिकायला यायचे. एका सकाळी पारसिक हिलवरून आम्ही खाली उतरत होतो. वळण आलं, मी सवयीने माझ्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबला आणि पाय थेट खाली फळीला टेकला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. ब्रेक ऑइलचा पाइप फुटला होता. माझा ब्रेक सरांच्या ब्रेकलाच जोडलेला, त्यामुळे त्यांचाही गेलेला. त्यांना अजून ते माहीत नव्हतं.

हँडब्रेकचं तसं नसतं. त्याला ऑइल लागत नाही. दांडीपासून मागच्या चाकांपर्यंत एक तार जाते, तेवढंच. पण चालत्या गाडीत दांडी एकदम ओढली तर मागची चाकं जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. मी दांडीच्या टोकाचं बटण अंगठ्याने दाबून धरलं आणि थोडी ओढली, थोडी सोडली. पुन्हा थोडी जास्त ओढली. हाताला कळत होतं, चाकं किती धरली जातायत ते. माझ्या बाजूचा क्लच दाबला आणि शक्य तेवढ्या शांत आवाजात म्हटलं, "सर, सेकंड टाका."

"इतक्यात? आपण तर थर्डमध्ये छान चाललोय."

"टाका सर."

त्यांनी टाकला. इंजिन घरघरलं, वेग थोडा उतरला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खालच्या बिल्डिंगांच्या गच्च्या दिसत होत्या. मी फर्स्ट टाकायला लावला, दांडी थोडी थोडी करत शेवटपर्यंत आणली आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटाराला टेकून थांबली. सर माझ्याकडे वळून थोडे नाराजीने म्हणाले, "मॅडम, तुम्ही मला ब्रेक मारूच देत नाही. अशाने मी शिकणार कधी?"

मी खाली उतरले, चाकापुढे दगड लावला आणि तिथेच बसून राहिले. त्यानंतर माझा त्या दांडीवर जेवढा विश्वास बसला तेवढा माणसांवरही क्वचितच बसला असेल. आणि पुढे सगळं घडलं ते त्या विश्वासामुळेच.

पुष्पा सावंत मला फोन करून म्हणाल्या, "मला शिकवू नका, मला फक्त आठवण करून द्या." वय साठच्या पुढे, सरकारी कचेरीतून रिटायर झालेल्या. तिशीत असताना त्यांनी लायसन्स काढलं होतं. पण घरात गाडी चालवायचे ते सावंत साहेब. साहेबांनी चाळीस वर्षं गाडी चालवली आणि चाळीस वर्षांत बायकोला एकदाही उजव्या सीटवर बसू दिलं नाही. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं. व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा पनवेलला न्यायचं होतं. कॅबवाले गेटवर यायचे आणि साहेबांना धरून हळूहळू आणताना पाहिलं की वाट न बघता निघून जायचे. परदेशातल्या मुलाने नवी गाडी घेऊन दिली. ऑटोमॅटिक. क्लच नाही, चावी नाही, बटण दाबलं की चालू.

ज्या गाडीत माझ्या पायाखाली ब्रेक नाही त्या गाडीत मी नवशिक्याबरोबर बसत नाही. पण लायसन्स असलेल्यांना आम्ही त्यांच्या गाडीवर उजळणी देतो. पहिले चार दिवस करंजाडेच्या मोकळ्या रस्त्यांवर गेले. पुष्पाताई हळू चालवायच्या, आरसे बघायच्या, वळताना स्वतःशी पुटपुटायच्या. चांगल्या चालवत होत्या, म्हणून माझा हात मांडीवरच राहायचा. गाडी पोडियमवरून, म्हणजे बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरच्या पार्किंगमधून, खाली काढायचं काम रोज मी करायचे. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज मी काढते. आणि आज हेही येतायत."

साहेब मागे बसले. माझे वडील वाशीच्या मार्केटात टेम्पो चालवायचे. त्यांनी मला रविवारी रिकाम्या मार्केटात शिकवलं तेव्हा त्यांचा एकच नियम होता. नवीन गाडीत बसलं की आधी सगळ्याला हात लावायचा, काय कुठे आहे बघायचं, मग गाडी चालू करायची. हा नियम मी हजारो लोकांना सांगितलाय. त्या गाडीत पाच दिवस बसूनही मी स्वतः तो पाळला नव्हता. सुरू करायचं बटण आणि गिअर बघितला, तेवढ्यावर भागत होतं. स्क्रीन, बटणं, दिवे, त्या सगळ्याचा मला रागच यायचा. वाटायचं, गाडी ती गाडीच, त्यात आणखी काय असणार आहे.

पोडियमचा रॅम्प सरळ उताराने खाली गेटपर्यंत जातो. दुपारची वेळ होती. गेटजवळ शाळेची व्हॅन उभी होती, मुलं उतरत होती, दोन-तीन आया थांबल्या होत्या. पुष्पाताईंनी गाडी रॅम्पवर घेतली. मागून साहेब म्हणाले, "हळू. अगं, हळू."

"हळूच आहे हो."

"ब्रेक मार."

त्या दचकल्या आणि त्यांनी पाय दाबला. गाडीने पुढे उडी मारली.

चुकीच्या पेडलवर पाय पडलेल्या माणसाला आपण ब्रेकवरच आहोत असं खरंच वाटत असतं. त्याला 'ब्रेक दाबा' म्हटलं की तो तेच पेडल आणखी जोरात दाबतो. हे मला माहीत होतं. साहेबांना नव्हतं. ते ओरडत राहिले, "ब्रेक, ब्रेक दाब," आणि त्या दाबत राहिल्या. इंजिन किंचाळायला लागलं. माझा उजवा पाय जिथे ब्रेक असायला हवा होता तिथे गालिच्यावर आपटला. माझा उजवा हात आपोआप दोन सीटांच्या मध्ये गेला.

तिथे दांडी नव्हती.

पाण्याची बाटली होती, कप ठेवायचे दोन खळगे होते, गुळगुळीत काळं प्लास्टिक होतं. माझा तळवा त्यावरून पुढे-मागे फिरला. नक्की किती वेळ फिरला सांगता येत नाही, पण तेवढ्यात अर्धा रॅम्प संपला. मागून साहेबांचा आवाज आला, "हँडब्रेक ओढा." पुष्पाताईंनी ते ऐकलं आणि समोरचं बघायचं सोडून खाली, सीटांच्या मध्ये बघितलं. आम्ही तिघंही एकाच वेळी एक नसलेली वस्तू शोधत होतो आणि समोर व्हॅनच्या पायरीवरून एक मुलगी पाठमोरी उतरत होती.

मी म्हटलं, "दोन्ही पाय वर घ्या. पाय वर."

एवढं एक मी बरोबर केलं. त्यांनी खरोखरच दोन्ही पाय सीटजवळ उचलून घेतले, खालून पाणी आल्यासारखे. इंजिनचा आवाज पडला. मी गिअर न्यूट्रलला ढकलला, स्टिअरिंग धरलं आणि माझ्याच बाजूला, डावीकडे ओढलं. गाडी भिंतीला घासायला लागली. आरसा तुटून काचेवर आदळला. कुणाच्या तरी फ्लॅटचं काम चालू होतं, त्याच्या डेब्रिजच्या गोण्या रॅम्पच्या पायथ्याशी रचल्या होत्या. गाडी त्या गोण्यांमध्ये घुसली आणि थांबली. व्हॅन तिथून चार-पाच पावलांवर होती.

मुलगी वळून आमच्याकडे बघत होती. तिच्या आईने तिचं दप्तर धरून तिला मागे ओढलं तेव्हा कुठे मी स्टिअरिंग सोडलं. माझा डावा हात दार आणि सीटच्या मध्ये सापडला होता. मनगट मोडल्याचं कळायला आणखी काही मिनिटं गेली. साहेबांना काही झालं नव्हतं. पुष्पाताई दोन्ही पाय वर घेऊन तशाच बसल्या होत्या. "खाली ठेवू का?" त्यांनी मला विचारलं.

संध्याकाळी मुलाचा परदेशातून फोन आला. मी प्लॅस्टर घालून घरी बसले होते. तो चिडलेला होता, पण उद्धट नव्हता. म्हणाला, "मॅडम, तुमी ट्रेनर आहात ना? आईकडून चूक होणार, म्हणून तर तुमी बाजूला होतात. तुमी नेमकं काय करत होतात?"

खोटं सांगणं सोपं होतं. माझ्या बाजूला ब्रेकच नव्हता, एवढं म्हटलं असतं तर तो गप्प झाला असता. मी म्हटलं, "मी हँडब्रेकची दांडी शोधत होते."

"त्या गाडीला दांडी नाहीये."

"हो. ते मला बसण्याआधी माहीत असायला हवं होतं."

 तो म्हणाला, "आईला आता यात पाडू नका. मी ड्रायव्हर बघतो, गाडी विकून टाकतो. टेन्शन नको."

चार दिवसांनी मी सावंतांकडे गेले. जाताना ठरवलं होतं की माफी मागायची आणि निघायचं. दार पुष्पाताईंनी उघडलं. त्यांना वाटलं मी त्यांना दोष द्यायला आलेय. माझ्या प्लॅस्टरकडे बघून त्या म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं हे." मी म्हटलं, "नाही ताई. तुमच्याकडून पाय चुकला, तो कुणाचाही चुकतो. तो चुकला की थांबवायचं काम माझं."

साहेब खुर्चीत बसले होते. त्यांच्या मांडीवर गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक उघडं होतं. पुस्तक इंग्रजीत होतं. ते डाव्या हाताच्या बोटाने ओळी लावत वाचायचे आणि मराठीत सांगायचे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना रोज मोठ्याने वाचायला सांगितलं होतं. वर्तमानपत्राऐवजी ते हे वाचत होते. "इकडे या," ते मला म्हणाले. एक एक शब्द सुटा करत त्यांनी सांगितलं. पार्किंग ब्रेकचं बटण दोन सीटांच्या मध्ये, गिअरच्या मागे आहे. गाडी थांबलेली असताना एकदा ओढायचं. आणि अडचणीच्या वेळी, गाडी धावत असतानाही, ते ओढून धरून ठेवलं तर गाडीला ब्रेक लागतो.

मी त्यांना तो भाग पुन्हा वाचायला लावला.

मग खाली जाऊन पोडियमवर उभ्या केलेल्या त्या चेपलेल्या गाडीत बसले आणि उजवा हात नेहमीच्या जागी नेला. बटण माझ्या तळव्याखाली होतं. बरोबर मधोमध. त्या दिवशी माझा हात त्यावरून दोन-तीनदा तरी फिरला असणार. मी दांडी शोधत होते म्हणून मला बटण लागलं नाही. ब्रेक माझ्या हाताखाली होता आणि मी एका लहान मुलीच्या दिशेने जात होते. हे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले, भांडी घासताना, बसमध्ये, कुणाला गिअर शिकवताना. जुन्या वस्तूंवर माझं प्रेम होतं त्यात काही वाईट नव्हतं. पण त्या प्रेमापायी मी नवीन वस्तूकडे बघितलंच नाही, आणि ते माझ्या कामात चालत नाही.

वर आले तेव्हा पुष्पाताईंनी चहा ठेवला होता. मी म्हटलं, "मुलगा गाडी विकायचं म्हणतोय."

"त्याला मी 'नको' म्हणून सांगितलंय." त्यांनी कप माझ्या उजव्या हातात दिला. "मॅडम, तुमच्या स्कूलची जुनी गाडी आहे ना अजून? तिच्यात तुमच्याकडे ब्रेक आहे?"

"आहे. पायाखाली आहे, आणि दांडीही आहे."

"मग मला तिच्यात पहिल्यापासून शिकवा. लायसन्स आहे हे विसरून जा."

सोसायटीत लोक बोलायचे. सेक्रेटरींनी सांगितलं की रॅम्पवर शिकायचं नाही, आणि ते बरोबरच होतं. तेव्हा अजून भंगारात न गेलेली ती जुनी गाडी घेऊन आम्ही मोकळ्या रस्त्यांवर जायचो. माझ्या डाव्या हाताला प्लॅस्टर, पण पाय आणि उजवा हात मोकळे होते. साहेब मागे बसायचे. पहिल्या दिवशीच मी त्यांना सांगितलं, "साहेब, गाडीत एका वेळी एकच माणूस बोलणार. आणि तो मी." त्यांनी मान हलवली. सगळ्यांत कठीण गोष्ट बहुतेक त्यांनीच केली. पुष्पाताई चुकायच्या तेव्हा आरशात मला त्यांचा चेहरा दिसायचा, जबडा आवळलेला, पण तोंडातून शब्द नाही.

पुलाच्या चढावर मी त्यांना दांडी ओढून थांबायला आणि दांडी सोडत निघायला शिकवलं. पहिल्यांदा गाडी मागे सरकली तेव्हा त्यांचा उजवा पाय नक्की कुठे आहे हे त्यांना कळेना. त्यांनी पाय उचलला, क्षणभर हवेत धरला, मग बघून ब्रेकवर ठेवला. मी माझा ब्रेक दाबला नव्हता. त्यांना ते सांगितलं नाही. तीन आठवड्यांत त्यांनी तो चढ किती वेळा केला ते मी मोजलं नाही.

त्यानंतर आम्ही दुरुस्त होऊन आलेल्या नव्या गाडीत एक अख्खी सकाळ गाडी चालू न करता बसलो. साहेब पुस्तक वाचत होते, पुष्पाताई आणि मी प्रत्येक बटणाला हात लावत होतो. डोळे मिटून पार्किंग ब्रेक सापडेपर्यंत आम्ही दोघींनी तेच केलं. मला त्यांच्यापेक्षा जास्त वेळ लागला. माझा हात आधी वर जाऊन दांडी पकडायला बघायचा, आणि मग खाली यायचा.

मोकळ्या रस्त्यावर आणखी आठ-दहा दिवस गेले. मी शेजारी बसले, पण बोलले कमी. सेक्रेटरींनी एकदा स्वतः गाडीत बसून बघितलं आणि रॅम्पची परवानगी दिली. एका सोमवारी पुष्पाताईंचा फोन आला. पनवेलला जायचंय, साडेदहाची वेळ आहे. मी म्हटलं, येते. त्या म्हणाल्या, "या, पण बसू नका. आज आम्ही दोघंच जातो."

मी अडवलं नाही, पण गेले. रॅम्पच्या खाली, गेटच्या अलीकडे उभी राहिले. व्हॅनची वेळ नव्हती, तरी मी आधी रस्ता बघून घेतला, वॉचमनला फाटक उघडं ठेवायला सांगितलं. माझा उजवा हात घट्ट मिटला होता, आणि मिटलेला आहे हे मला बोटं दुखायला लागल्यावर कळलं.

वर गाडीचं तोंड दिसलं. रॅम्पच्या टोकाला ती थांबली, मग उतरायला लागली. एकसारख्या वेगाने, भिंतीपासून अंतर राखून. शेजारच्या सीटवर साहेब होते, लुळा हात मांडीवर, नजर समोर. त्यांचे ओठ मिटलेले होते. मी त्यांच्या वाटेतच उभी आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. गाडी माझ्यापासून चांगल्या अंतरावर, हिसका न देता थांबली.

पुष्पाताईंनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"मॅडम, बाजूला व्हा जरा," त्या म्हणाल्या. "आम्हाला उशीर होतोय."

मी बाजूला झाले.